‘नार्ल्ड’ला मराठीत काय म्हणाल? आणि त्यातला ‘जी’ नक्की आला कुठून?

अबोली_२२

नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी जुन्या झाडांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. कॅलिफोर्नियात व्हाइट माउंटन्स म्हणून डोंगररांग आहे, तिथे ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, त्यातल्या मथूसेला नावाच्या झाडाचं वय ४,८०० वर्षांच्या वर भरतं. १९५७ साली एडमंड शुलमन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्या खोडाची कांडी काढून वर्तुळं मोजली. नक्की कुठलं झाड ते तिथलं वनखातं सांगत नाही, लोक साली सोलून आठवण म्हणून घरी नेतील म्हणून (आपल्याकडे असतं तर एव्हाना बदाम कोरून झाले असते). असो, विषय तो नाही.

विषय असा की लेखात एक शब्द सारखा सारखा येतो, ‘नार्ल्ड’. स्पेलिंग जी-एन-ए-आर-एल-ई-डी. पहिल्या परिच्छेदात झाडाचं खोड नार्ल्ड, मग मुळं नार्ल्ड, आणि शेवटी एका म्हाताऱ्या वनरक्षकाचे हातसुद्धा नार्ल्ड. डिक्शनरीत ‘गाठाळ, गाठीगाठीचा’ एवढंच मिळालं. झाडाला गाठाळ चालेल पण हाताला गाठाळ म्हटलं की मला डॉक्टरकडे न्यावंसं वाटतं त्या माणसाला.

तर प्रश्न तीन. एक, हा शब्द आला कुठून, गाठ म्हणजे नॉट, त्याच्याशी काही नातं आहे का. दोन, ‘जी’ बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला. तीन, माझा भाचा अमेरिकेत वाढलाय, तो कुठलीही गोष्ट आवडली की ‘नार्ली!’ म्हणतो, तो हाच शब्द का? लाकडाची गाठ आवडण्याएवढा तो सुतारकामात नाहीये हे नक्की.

---

चष्मिष्ट

अबोलीताई, मस्त शब्द काढलात, याची गोष्ट भारी आहे.

हा शब्द आज आपल्याला माहीत आहे तो जवळजवळ एकट्या शेक्सपियरमुळे. ‘मेझर फॉर मेझर’ नावाचं नाटक आहे, दुसऱ्या अंकात इझाबेला नावाची मुलगी भावाचा जीव वाचवायला अँजेलोपुढे गयावया करते. हा अँजेलो म्हणजे ड्यूक बाहेरगावी गेलाय म्हणून त्याच्या खुर्चीत बसलेला माणूस, आणि खुर्ची मिळाल्या मिळाल्या कायद्याचा बडगा काढलेला. ती त्याला म्हणते की आकाशातला देवसुद्धा वीज पाडतो ती पाचर न शिरणाऱ्या गाठाळ ओकवर पाडतो, मर्टलच्या कोवळ्या झुडपावर नाही, आणि माणूस मात्र चार दिवसांचा अधिकार मिळाला की बघा कसा वागतो. त्या ओळीत ‘अनवेजेबल अँड नार्ल्ड ओक’ असे शब्द आहेत. वेज म्हणजे आपली पाचर. लाकूड फोडताना सुतार पाचर ठोकतो ना, ती ज्यात शिरतच नाही असा ओक.

आता गंमत बघा. हे नाटक छापलं गेलं ते थेट १६२३ च्या फोलिओत (त्याच्या नाटकांचा एकत्र छापलेला मोठा ग्रंथ), म्हणजे शेक्सपियर गेल्यावर सात वर्षांनी, आणि ‘नार्ल्ड’ला जुना आधार म्हणाल तर ती तेवढी एक ओळ. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं हा शब्द कोणी फारसा वापरतच नाही. मग एकोणिसाव्या शतकात कवी-कादंबरीकारांना शेक्सपियरचं वेड लागलं, त्यांनी तो तिथून उचलला आणि जुनी झाडं, जुनी माणसं, जुनी बोटं सगळ्यांना लावत सुटले. इतकं की ‘नार्ल्ड’ आहे म्हणजे ‘नार्ल’ पण असणार असं धरून लोकांनी त्यातून ‘नार्ल’ हा शब्द मागाहून तयार केला. म्हणजे आपल्याकडे गाठ आधी आणि गाठाळ नंतर, तिकडे गाठाळ आधी आणि त्यातून गाठ सोडवून काढली.

पण शेक्सपियरने तो हवेतून आणला नव्हता. आधीपासून ‘नर्ल’ होता, के-एन-यू-आर-एल असा, ‘नर’ (के-एन-यू-आर) होता आणि त्याहून जुना ‘नार’ (के-एन-ए-आर), अर्थ सगळ्यांचा लाकडातली गाठ, गोळा, टेंगूळ. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये युद्धदेवाच्या देवळातलं जंगल रंगवलंय तिथे ‘नॉटी, नारी’ अशी म्हातारी वांझ झाडं आहेत, हे दोन्ही शब्द के-एनचे. त्याच पुस्तकात एक गिरणीवाला आहे, दणकट, रुंद, डोकं आपटून दारं फोडणारा, त्याला चॉसर सरळ ‘थिक नार’ म्हणतो, म्हणजे लाकडाचा जाड गठ्ठाच. नाकावर चामखीळ, तिच्यावर केसांचा झुबका, अगदी गाठीवर गाठ.

तर के चा जी कसा झाला? त्या काळी स्पेलिंग म्हणजे ज्याच्या हाताला येईल ते. आणि तोपर्यंत के-एनमधला क उच्चारातून सुटायला लागलेला, सतराव्या शतकात तो इंग्रजीतून गेलाच. जर्मन मात्र अजून गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतात, क स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा भाग. नॉट आणि नार हे दोघंही जर्मानिक घराण्यातले, सख्खे भाऊ म्हणता येणार नाहीत, भावकी म्हणा. पण इंग्रजीत के-एनने सुरू होणारे ‘गोळा’ अर्थाचे शब्द बघा, नॉट, नॉब, नकल, नोल (टेकडीचा उंचवटा), सगळे गोलमटोल. आपल्याकडे हे काम ‘ग’ करतो. गाठ, गोळा, गुठळी, गड्डा, गोटा, गुंता. (हे माझं निरीक्षण, भाषाशास्त्र म्हणून कुठे छापू नका.)

---

लेथमास्तर

चष्मिष्ट भाऊ, दोनशे वर्षं शब्द कुठे होता ते मी सांगतो, आमच्या खात्यात होता.

गंमत सोडा पण के-एनवाला ‘नर्ल’ अजून रोज वापरात आहे. लेथवर (धातू फिरवून तासायचं यंत्र) काम केलेल्या कोणालाही विचारा, नर्लिंग म्हणजे काय. स्क्रू गेजच्या गोल मुठीवर, टॉर्चच्या नळीवर, जिममधल्या बारवर जी बारीक बारीक चौकटीची खरखर असते ना, हात घसरू नये म्हणून, ते नर्लिंग. मी एकोणतीस वर्षं लेथवर काढली आणि आज पहिल्यांदा कळलं की हा शब्द लाकडाच्या गाठीचा आहे. आयटीआयला सरांना विचारलं होतं नर्लिंगला नर्लिंग का म्हणतात, ते म्हणाले परीक्षेला येत नाही, जॉब लाव.

कसं करतात ते सांगतो म्हणजे शब्द पटेल. नर्लिंगच्या टूलला दोन कडक पोलादी चाकं असतात, त्यांच्या अंगावर तिरप्या रेघा, एकाच्या डाव्या एकाच्या उजव्या. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये (लेथच्या पकडीत) हळू फिरत ठेवायचा, टूल दाबून लावायचं, तेल सोडत राहायचं. मटेरियल तासलं जात नाही, दाबलं जातं, जिथे दाब पडला तिथे खड्डा आणि शेजारचं वर उठतं, त्यामुळे जॉबचा डायमीटर कमी होत नाही उलट थोडा वाढतो, नवीन पोरांना हेच कळत नाही आणि ते फिटिंगच्या जागेवर नर्लिंग करून ठेवतात मग बसत नाही म्हणून ओरडतात. पहिल्याच फेऱ्यात चाकाच्या रेघा एकमेकींत नीट पडल्या नाहीत तर डबल रेघा उठतात आणि चौकटीच्या जागी नुसता कचरा दिसतो. मी पहिल्या वर्षी एका दिवसात अकरा जॉब असे घालवले होते, फोरमनने ते टेबलावर ओळीने मांडून ठेवले, येणारा जाणारा बघून जायचा.

तर हे जे वर उठलेले बारीक दाणे आहेत त्या म्हणजे छोट्या छोट्या गाठीच की. शब्द बरोबर आहे. ताईंच्या झाडाचा आणि माझ्या टॉर्चचा शब्द एकच निघाला, आज बायकोला सांगणार.

---

कोकणचा_काजू

लेथमास्तर, अकरा जॉब 😂😂

---

रंधा_पटाशी

शब्दाचं झालं, आता लाकडाचं बोलू का? आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम, मी स्वतः आता ऑफिसात असतो पण सुट्टीत हात चालतो.

अनुवाद करताना एक घोळ होतो म्हणून सांगतो. इंग्रजीत नॉट वेगळी आणि बर्ल वेगळा, आणि आपण दोन्हीला गाठच म्हणतो.

नॉट म्हणजे फांदीचं बूड. झाड जाड होत जातं तसं खोड फांदीच्या बुडाला पोटात घेत जातं, मग फळी कापली की ते बूड गोल टिक्क्यासारखं दिसतं. फांदी जिवंत असताना गिळली असेल तर तिचं आणि खोडाचं लाकूड एकजीव असतं, ती गाठ हलत नाही. पण फांदी वाळून गेल्यावर खोडाने तिला वेढलं असेल तर मध्ये सालीचं कडं राहतं, ती गाठ सुटी, आज ना उद्या निसटते. माझ्या आजोबांच्या खोलीच्या दाराला अशी एक गाठ पडून भोक झालेलं होतं, आम्ही पोरं दुपारी त्याला डोळा लावून बघायचो आजोबा झोपले का, आणि एकदा बघतो तर पलीकडून आजोबांचा डोळा.

गाठीशी सुताराचं वैर का, तर लाकडाच्या रेषा सरळ चाललेल्या असतात त्या गाठीपाशी वळसा घेऊन जातात. रंधा मारताना आतापर्यंत लोण्यासारखा चालणारा हात तिथे आला की कचकन अडकतो, आवाजच बदलतो, आणि जोर केलात तर रेषेच्या उलट चिरफळी निघते. तिथे रंधा फिरवून दुसऱ्या बाजूने यायचं, पातं अगदी बारीक बाहेर ठेवायचं. वडील फळी हातात घेतल्या घेतल्या आधी उजेडाकडे धरून गाठी बघायचे, मग भाव बोलायचे. तुळईला तर खालच्या अंगाला गाठ येऊ द्यायची नाही, कारण वजन पडलं की तुळई वाकते आणि खालची बाजू ताणली जाते, तिथे गाठ असली तर चीर तिथूनच सुरू होते. आणि हल्ली जे पॅकिंगच्या पेट्यांचं पाइनवुड घेऊन लोक हौसेने फर्निचर करतात त्यात गाठीच गाठी, वरून पांढरा रंग दिला की काही महिन्यांनी पिवळे डाग दिसायला लागतात, ती गाठीतली राळ. आधी गाठींवर लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा मग रंग, पण ऐकतो कोण.

आता बर्ल. ब्रिटिश लोक त्याला बर म्हणतात, अमेरिकन बर्ल. हा म्हणजे खोडाला आवाळू आल्यासारखा फुगवटा. आत असंख्य सुप्त डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे रेषा सगळ्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. नॉटमुळे फळीचा भाव उतरतो आणि बर्लमुळे चढतो! जुन्या महागड्या इंग्लिश गाड्यांच्या डॅशबोर्डवर जे ढगांसारख्या नक्षीचं तपकिरी लाकूड दिसतं ते अक्रोडाच्या बर्लचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला पातळ पापुद्रा. पाइप ओढणाऱ्यांचा ब्रायर पाइप असतो तोही भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याजवळच्या अशाच गड्ड्याचा, जळत नाही लवकर. कॅलिफोर्नियात रेडवुडचे बर्ल चोर करवतीने कापून न्यायला लागले तेव्हा २०१४ साली रेडवुड पार्कमधला एक रस्ता रात्रीचा बंद करायला लागला होता. आपल्याकडे चंदन तिकडे गाठ.

म्हणून ताई, ओकला नार्ल्ड म्हटलंय तेव्हा त्यात नुसती गाठ नाही, वाकडंतिकडं वाढलेलं, पिळलेलं, जून, पाचरीला दाद न देणारं हे सगळं आलं. बाभळीचं जुनं खोड डोळ्यासमोर आणा, किंवा महाबळेश्वरला दाट धुक्यातली ती बुटकी जांभळीची झाडं, शेवाळ लागलेली, वारा खाऊन खाऊन वेडीवाकडी झालेली.

---

चष्मिष्ट

बर्लचं मूळ सांगायचं राहिलं. तो शब्द लाकडाचा नाहीच मुळात, लोकरीचा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूर्ल’ म्हणजे लोकरीचा पुंजका, त्यावरून इंग्रजीत कापडात राहिलेली गाठ, आणि मग लाकडातली. लोकरीच्या गिरणीत कापडातल्या गाठी चिमट्याने वेचून काढायच्या कामाला बर्लिंग म्हणतात. आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला ‘बुर्रा’ म्हणजे भरड लोकर, त्याच घराण्यातला बहुतेक ‘ब्यूरो’ पण आहे. आधी भरड कापड, मग ते अंथरलेलं टेबल, मग ते टेबल जिथे आहे ते ऑफिस. म्हणजे सरकारी ब्यूरोत फाइल अडकते ती गाठीला अडकते म्हणायला हरकत नाही.

---

सह्यभटका

एक शंका. इंग्रजीत ‘नार्ल’ म्हणजे कुत्र्यासारखं गुरगुरणं असं पण वाचलंय. तोच का हा? आणि दुसरं, हे जी-एन के-एन आपल्या ग्रंथिसारखं वाटतंय, गाठ पण ग्रंथिवरूनच आली ना, मग मूळ संस्कृतच निघालं की!

---

चष्मिष्ट

गुरगुरणारा नार्ल वेगळा, तो आवाजावरून पडलेला शब्द, आपल्या गुरगुर, भुंभुंसारखा. शेक्सपियरने तोही वापरलाय, ‘रिचर्ड द सेकंड’मध्ये दुःख गुरगुरतं. स्पेलिंग सारखं, आई वेगळी.

ग्रंथिचं म्हणाल तर ग्रंथि, गंठि, गाठ ही साखळी बरोबर, आणि ताडपत्रं दोऱ्यात ओवून बांधली तो ग्रंथ, तेही त्यातलंच. पण नार्लशी किंवा नॉटशी त्याचं नातं नाही, ध्वनी जवळचा वाटतो इतकंच. दिसलं की संस्कृत म्हणायची घाई नको हो.

पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. के-एनचे दोन शब्द खरंच आपले नातेवाईक आहेत. एक गुडघा, ‘नी’, संस्कृतात जानु, आजानुबाहूमधला. आणि दुसरा ‘नो’, म्हणजे जाणणे, तो आपला ज्ञा. आता बघा, इंग्रजांनी त्यातला क गिळला आणि लिहीत राहिले, आपण ज्ञ लिहितो आणि म्हणतो द्न्य, हिंदीवाले म्हणतात ग्य, गुजराती ग्न. एवढा गोंधळ आपल्या घरात असताना नार्ल्डमधला जी लिहायचा कशाला असं विचारायला तोंड नाही आपल्याला 😄

---

न्यूजर्सीकर

भाच्याचं मी सांगते, माझ्याकडेही एक आहे. हो ताई, हाच शब्द. कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवाल्या पोरांनी १९७० च्या दशकात तो लाटांना लावला. खवळलेली, अंगावर येणारी, धोक्याची लाट ती नार्ली. मग तशी लाट पार करणं म्हणजे भारीच काम, म्हणून नार्ली म्हणजे भारी. आपल्या ‘खतरनाक’चं काय झालं तेच, आधी भीती वाटायची आता मिसळ पण खतरनाक असते. माझा मुलगा मात्र दोन्ही अर्थाने वापरतो, परवा गुडघा फुटला तेव्हाही नार्ली आणि आजीने पाठवलेल्या चकल्या पण नार्ली. चकलीला तसा शब्द बसतोय म्हणा, काटे आणि पीळ दोन्ही आहेत.

---

लेथमास्तर

चकलीला नर्लिंग बरोबर बसतं. सोऱ्याची चकती जुनी झाली की काटे येत नाहीत, आमच्या चाकांचंही तसंच.

---

अबोली_२२

अरे काय माणसं आहात तुम्ही सगळी, मी एक शब्द विचारायला आले होते 🙏

तर आता अनुवादाचं. खोडासाठी ‘गाठीगाठीचं, पिळवटलेलं’ करतेय. ब्रिसलकोन मेल्यावरसुद्धा त्याचं लाकूड त्या कोरड्या थंडीत शेकडो वर्षं तसंच उभं राहतं, कुजत नाही, तिथे मूळ लेखकाने पुन्हा नार्ल्डच टाकलंय, पण मला तिथे ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ आठवलं. संपादक म्हणतील म्हण मुळात नाहीये, पण मी एकदा लिहून तर बघणार. मुळांना ‘वेडीवाकडी’. सगळीकडे एकच शब्द ठेवायचा हट्ट सोडला.

हातांवर अजून अडलेय. ‘सुरकुतलेले’ नको, ते कातडीचं झालं. ‘घट्टे पडलेले’ तळहाताचं झालं. हे जे आहे ते पेरांचं आहे, सांधे फुगून बोटं जराशी वाकलेली. माझ्या आजीची तशी होती, जात्यावर आणि विहिरीवर गेलेली, बांगडी चढवताना पेरावर अडायची आणि साबण लावून चढवायला लागायची. ती काय म्हणायची माहितीये का, ‘बोटांना गाठी धरल्या’. ‘धरल्या’ हे क्रियापद महत्त्वाचं, गाठ आली नाही, धरली. तर ‘पेरापेराला गाठी धरलेले हात’ कसं वाटतंय?

---

रंधा_पटाशी

चालेल. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ‘पेरापेराला’ एकदाच ठेव, वनरक्षक आहे ना तो, मग उजवा हात जास्त असेल, कुऱ्हाडीचा.

---

अबोली_२२

मूळ लेखात उजवा-डावा नाहीये हो. पण काकांना सांगा, परत एकदा वाचते.